धसकारेषा

माणसं मोजायची असतील तर ती जोडीनं उकिडवी बसवावीत, म्हणजे दोन-दोननं पटापट मोजून होतात आणि मधलं कुणी सुटत नाही. तुरुंगात ही रीत किती जुनी आहे ते कुणालाच ठाऊक नाही. वडधरा जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात संघमित्रा टेंभुर्णे अठ्ठावीस वर्षं अशी मोजणी करत आली होती. संध्याकाळी साडेपाचला ती बराकीच्या दारात उभी राहायची, "जोडीनं बसा गं" म्हणायची आणि हातातल्या टॅबवर आकडा टाकायची. इतक्या वर्षांत तिचा आकडा दोनदाच चुकला होता, आणि दोन्ही वेळा कुणीतरी संडासात अडकून बसली होती.

बायका तिला मित्रामॅडम म्हणत. तुरुंगाच्या नोकरीत मऊ माणूस टिकत नाही असं तिला पहिल्या दिवशी सांगण्यात आलं होतं. सांगणारा जेलर कधीच रिटायर झाला, मित्रा टिकली. तिचं एकच होतं, ती ऐकून घ्यायची. दुपारी जेवणं उरकली की शिवणकामाच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायची, आणि मग एकेक बाई येऊन पोटातलं सगळं तिच्यापुढे काढून ठेवायची. नवरा, पोरं, सासू, पाप, पश्चात्ताप. मित्रा फार काही बोलत नसे. सल्ला तर चुकूनही देत नसे.

तीन वर्षांपूर्वी अल्पशिक्षा कायदा आला आणि या सगळ्याचं रूप पालटलं.

कायद्याच्या मुळाशी एक शोध होता. डॉ. इरावती चाफळकर या बाईंनी चार हजार कैद्यांच्या शरीराच्या नोंदी घेतल्या होत्या. माणूस गजाआड आला की त्याच्या अंगात एक धसका उठतो. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात, घामातलं कॉर्टिसॉल वाढतं. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर एरवी थोडंफार मागंपुढं होत असतं, ते घड्याळासारखं एकसारखं होतं. बाईंनी दाखवून दिलं की हा धसका पाचव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान कळसाला जातो आणि मग उतरायला लागतो. माणूस रुळतो. कुठल्या नळाला पाणी आधी येतं, कुठल्या कोपऱ्यात वारा लागतो, हे त्याला कळायला लागतं. भीती कळसावर असताना माणसाला बाहेर काढलं तर मेंदू ती जन्मभर जपून ठेवतो. रुळल्यावर काढलं तर त्याच्याजवळ फक्त तुरुंगाची ओळख उरते, आणि ओळखीच्या जागी माणूस परत येतो.

तेव्हा किरकोळ गुन्ह्यांसाठी महिन्यांची शिक्षा देणं हा शुद्ध मूर्खपणा ठरला. आता मनगटावर पट्टी बांधायची. धसक्याचा आलेख ठरावीक रेषेच्या वर गेला आणि अकरा मिनिटं तिथं राहिला की पट्टी हिरवी होते, फाटकाला आपोआप हुकूम जातो, आणि तासाभरात माणूस बाहेर. त्या रेषेला सरकारी कागदात लांबलचक नाव होतं. तुरुंगातले लोक तिला धसकारेषा म्हणत.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. चाळीस जणींसाठी बांधलेल्या त्या विभागात पूर्वी चौऱ्याऐंशी बायका कोंबलेल्या असायच्या. त्या अठरा झाल्या. मंत्री येऊन फोटो काढून गेले. रिकाम्या बराकीत कुणीतरी कॅरम आणून ठेवला.

दुसऱ्या वर्षी तो कॅरम उचलून कोठीत टाकावा लागला. तिसऱ्या वर्षी आकडा पुन्हा नव्वदच्या घरात गेला, आणि का ते कुणालाच सांगता येईना.

* * *

रुचिका मेश्राम आत आली ती अशाच एका गर्दीच्या गुरुवारी. मित्राची धाकटी बहीण वंदना, तिची ही मुलगी. रुचिका चार वर्षांची असताना वंदनानं "पंधरा दिवस ठेव" म्हणून तिला मित्राकडे सोडलं आणि सुरतेला गेली ती गेलीच. मित्रानं लग्न केलं नव्हतं. ते पंधरा दिवस एकोणीस वर्षं चालले होते.

रुचिका नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. संध्याकाळी ती पल्लवी या मैत्रिणीबरोबर बसस्टँडजवळ गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून द्यायचा ठेला चालवायची. परवाना नव्हता. नगरपालिकेचं पथक ठेला उचलायला आलं, मैत्रीण धक्का लागून पडली, आणि ही गाडीपुढे आडवी उभी राहिली. पूर्वी अशा भानगडीत फार तर दंड होऊन, समज देऊन सोडत. आता न्यायाधीशांना एक सोपं वाक्य सापडलं होतं, "आठवड्याचा तर प्रश्न आहे." तेवढ्यासाठी दोन महिन्यांची शिक्षा देताना ज्यांचा हात अडला असता, ते आता दिवसाला चाळीस हुकूम हसत हसत काढत होते.

रुचिकाची ही दुसरी खेप होती. पहिल्या वेळी, गेल्या वर्षी, मित्रा प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली होती. पोरगी सहाव्या दिवशी सुटली आणि पुढचे दोन महिने दार वाजलं तरी दचकत होती. यावेळी मित्रानं नियमाप्रमाणे जेलरला जाऊन सांगितलं, "साहेब, माझी भाची आहे, माझी ड्यूटी बदला."

जेलर टॅबमधून मान वर न काढता म्हणाला, "बाई, माणसं कुठायत माझ्याकडे? आणि आठवड्याचा तर प्रश्न आहे."

मित्रा बराकीत आली तेव्हा रुचिका भिंतीला टेकून गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मित्रानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मोठीआई," रुचिका डोळे पुसत म्हणाली, "मी काई केलं नाई गं. ते पल्लवीले ढकलून राहिले होते."

"माहीत हाय मले. उठ, तोंड धू. मी हावो ना इथं."

तिनं तिला खिडकीजवळची जागा दिली, धुतलेली चादर दिली, आणि दहा-बारा दिवसांनी गोदावरी निखाडे आत आली तेव्हा शेजारची जागा मुद्दाम तिला दिली. गोदावरी भाजीवाली होती, फुटपाथवर बसण्यावरून चौथ्यांदा आत आलेली. बाई तोंडाळ पण मायाळू. पट्टी हिरवी व्हावी म्हणून ती बायकांना दुपारच्या दुपारी भुताच्या गोष्टी सांगायची, आणि शेवटी सगळ्या जणी हसून लोळायच्या. कुणी धावून पाहायचं, कुणी मिरची चावायचं. पट्टी बधत नसे. धावल्यानं ठोके वाढतात पण अंग तापतं, आणि धसक्यात अंग गार पडतं. मारहाण केली तर पट्टी वेदना वेगळी ओळखायची आणि थेट चौकशी लावायची. शोध लावणाऱ्या बाईंनी कच्चं काही ठेवलं नव्हतं.

रोज दहाला मित्रा यायची, सहाला जायची. जाताना म्हणायची, "उद्या येतो हो." रुचिका मान हलवायची. तिला गाढ झोप लागायची, भूक लागायची. नवव्या दिवशी पट्टी पांढरी होती. चौदाव्या दिवशीही पांढरीच. मित्राला आधी बरं वाटलं, पोर घाबरली नाही म्हणून. मग हळूहळू तिच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण कायद्यात तिसाव्या दिवसाचं कलम होतं. तीस दिवसांत ज्याची पट्टी हिरवी होत नाही, त्याच्यावर अल्पशिक्षेचा परिणाम होत नाही असं धरायचं, त्याच्या नावापुढे 'निर्ढावलेला' असा शेरा मारायचा, आणि वर्षभरासाठी मध्यवर्ती कारागृहात पाठवायचं. निर्ढावलेल्या मुलीला कुठलं हॉस्पिटल नोकरी देणार होतं? परीक्षेला तरी कोण बसू देणार होतं?

* * *

एकोणिसाव्या दिवशी डॉ. चाफळकर स्वतः वडधऱ्याला आल्या. राज्यभर आकडे चढत होते आणि त्या एकेक जिल्हा पाहत फिरत होत्या. साठीची बारीक बाई, पायात बूट, खांद्याला पिशवी. अधीक्षकांच्या खोलीत बसायचं सोडून त्या शिवणशेडमध्ये मित्राच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुम्ही रोज मोजता ना? मग तुम्हाला माझ्या मदतनिसांपेक्षा जास्त कळेल," त्या म्हणाल्या. "सांगा, पूर्वी रोज किती यायच्या?"

"एखादी. कधी तीपण नाई."

"आणि राहायच्या सरासरी चौऱ्याऐंशी दिवस. रोज एक, चौऱ्याऐंशी दिवस, म्हणजे कुठल्याही संध्याकाळी चौऱ्याऐंशी. कायदा आला, राहणं नऊ दिवसांवर आलं. येणाऱ्या दोन झाल्या. दोन नव्वे अठरा. आम्ही सगळे नाचलो." बाई हसल्या, पण हसू काही खरं नव्हतं. "हौदासारखं आहे हे. किती पाणी येतं आणि किती वेळ थांबतं, या दोनच गोष्टींवर पातळी ठरते. आम्ही थांबणं कमी केलं आणि नळाकडे पाहिलंच नाही. शिक्षा छोटी झाली तशी ती देणं सोपं झालं. आता रोज किती येतात?"

"आठ."

"आठ. दहा दिवसांत ऐंशी. त्यातल्या बहात्तर नऊ दिवसांत जातात, आणि आठ अडकतात. महिनाभर इथं, मग वर्षभर तिकडे. दहातली एक, कुणाच्या डोळ्यांवर येणार? पण ती वर्षभर राहते, त्यामुळे एका वेळी मोजायला गेलं की तुमच्या एका जिल्ह्याच्याच तीनशे बायका मध्यवर्तीत निघतात. येणाऱ्यांत पाहिलं तर सगळ्या आठवड्याच्या, आणि राहणाऱ्यांत पाहिलं तर बहुतेक वर्षाच्या. त्या आठवडेवाल्यांतूनच ह्या वर्षवाल्या तयार होतात. पुन्हा पुन्हा येऊन त्यांना भीती वाटेनाशी होते."

आपण रोज आकडा टाकला, आणि तो का वाढतो ते कधी विचारलं नाही, याची मित्राला लाज वाटली.

"हा एक आलेख मला कळत नाही," डॉक्टरांनी टॅब पुढे केला. "बंदी क्रमांक सातशे बारा. दुसरीच खेप आहे, एवढ्यात रुळायला नको. बघा, रोज सकाळी दहाला रेघ धपकन खाली येते. सहानंतर जराशी वर. रविवारी दिवसभर वर. मित्राबाई, इथं रविवारी काय नसतं?"

सातशे बारा म्हणजे रुचिका. रविवारी मित्राची सुट्टी असायची.

तिनं सगळं सांगून टाकलं. चादर, खिडकी, "मी हावो ना". बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही कुणाही माणसानं करावं तेच केलंत. पण माझ्या पट्टीच्या हिशेबात तुम्ही तिची शिक्षा वाढवलीत."

"मंग पट्टी काढा ना जी. तुमचीच हाय ते."

"ती आता कायद्याची आहे. मी पत्रं लिहिते आहे, वर्षभर तरी लागेल." त्या थांबल्या. "पट्टीला कशाची भीती ते कळत नाही. फक्त भीती कळते. मी तुरुंगाची भीती मोजायला निघाले होते, आणि ही भीती तुरुंगाचीच कशावरून, एवढं एक कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही."

* * *

मित्रानं विसाव्या दिवशीच आजारपणाची रजा टाकली आणि घरी बसली. घरी तिला अन्न गोड लागेना. रजेच्या सातव्या दिवशी ती कामावर परतली तेव्हा आलेखावरची रेघ थोडी चढलेली होती, पण धसकारेषेपासून अजून हातभर खाली.

"काऊन आली नाईस?" रुचिकानं विचारलं. "मले वाटलं तुले खरंच बरं नाई."

मित्रानं तोंड फिरवलं. "सातशे बारा, रांगेत बस. बोलायचं नाही."

रुचिका हसायला लागली. "मोठीआई, तुले रागावता येत नाई गं. शाळेच्या नाटकातल्यासारखं करून राहिली तू."

लहानपणापासून हे असंच होतं. मित्रा खोटं बोलायला लागली की तिचा अंगठा तळहातात जायचा, आणि पोरगी तो अंगठा पाहून खुदखुदायची. आत आहे तर मोठीआई आहे, बाहेर आहे तर मोठीआई आहे, मग भ्यायचं कशाला? शेरा बसला तरी मोठीआई काहीतरी करेल. जगात एका माणसावर इतका भरवसा असलेल्या मुलीला तुरुंग काय घाबरवणार? मित्राला त्या भरवशाचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी त्याची भीतीही वाटली.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी तिनं रुचिकाला शिवणशेडमध्ये बोलावलं. इतर बायका बराकीत होत्या. मध्यवर्तीची गाडी उद्या सकाळी आठला येणार होती. मित्रानं आदल्या दिवसापासून विचार केला होता. खोटं चालणार नाही, खोटं तिला पकडता येतं. म्हणून जे खरं होतं, आणि जे तिनं एकोणीस वर्षं कुणापुढे काढलं नव्हतं, ते तिनं काढलं.

"तुही माय तुले ठेवून गेली ना, तवा मी बालगृहात गेली होती. दोनदा."

रुचिका हसत होती ती थांबली. "काय?"

"फॉर्म आणला. भरला. तुहं नाव, जन्मतारीख, सारं लिवलं. माह्या कपाटात खालच्या खणात हाय अजून."

रुचिकानं मित्राच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर उघडे होते.

"मग... मग दिला काऊन नाई?"

"बालगृहवाले म्हणाले, जागा नाई, सहा महिन्यानं या. सहा महिन्यांत शेजारी-पाजारी तुले माही पोरगी म्हणायले लागले. मंग कोणत्या तोंडानं देऊ?" मित्राचा आवाज हलला नाही, आणि तो हलत नाही याचं तिचं तिलाच भय वाटलं. "मले लग्न करायचं होतं रुचिका. विचारणारा माणूस होता. तुह्यापायी तो गेला. मी तुले सांभाळलं, चुकलं काई नाई माहं. पण थकली मी आता. दोनदा आत आली तू. उद्या त्या गाडीत तू जाशीन. मी भेटीले येणार नाई."

शेवटचं वाक्य तेवढं खोटं होतं. रुचिका तेव्हा हातांकडे पाहत नव्हती.

तिचे ओठ पांढरे पडले. तिनं हात पुढे केला, लहान मूल गर्दीत करतं तसा, आणि मित्रानं आपले हात मागे घेतले. पंख्याची घरघर तेवढी येत होती. मित्राला उठून तिला कवटाळावंसं वाटत होतं, इतकं की तिनं खुर्चीची कड धरून ठेवली. पट्टी केशरी झाली, रेघ धसकारेषेच्या वर गेली होती. मित्रा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. अकरा मिनिटं इतकी लांब असतात हे तिला ठाऊक नव्हतं.

पट्टी हिरवी झाली आणि बारीकशी वाजली.

* * *

नियमाप्रमाणे तासाभरात रुचिका फाटकाबाहेर होती. त्या संध्याकाळी मोजणीत एक्क्याण्णव भरल्या, म्हणजे शेवटची एकटी बसली. मित्रा धावतपळत घरी गेली. रुचिका ओट्यावर बसली होती. आत गेली नव्हती.

"बाळा, मुद्दाम बोलली मी. पट्टीसाठी. तू जाऊ नको म्हणून," मित्रा एका दमात म्हणाली.

"समजलं मले," रुचिका म्हणाली. "रिक्षात बसल्या बसल्याच समजलं. इतकी काई ढ नाई मी." ती हसलीसुद्धा. मग म्हणाली, "फॉर्म खरा हाय?"

मित्रानं नाही म्हणायला तोंड उघडलं. रुचिका तिच्या अंगठ्याकडे पाहत होती. मित्रानं तोंड मिटलं.

"राहू दे," रुचिका म्हणाली. "तीस वर्षांची एकटी बाई, कडेवर चार वर्षांचं पोर. मी असती तरी गेली असती बालगृहात. राग नाई मले, खरंच नाई."

राग नव्हताच. राग असता तर मित्रानं तिचे पाय धरले असते आणि तो काढला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रा चहा घेऊन तिच्या खोलीत गेली, तर रुचिका दचकून भिंतीला चिकटली, कप हातात घेताना चहा सांडला, आणि मग स्वतःवरच चिडून ती म्हणाली, "असं काऊन होऊन राहिलं बाप्पा." रात्री मित्रा जवळ बसली तर तिची बोटं गार पडायची. तिला सगळं समजत होतं, आणि समजण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. कळसावरची भीती मेंदू जन्मभर जपून ठेवतो, हे चार हजार माणसांवर सिद्ध झालेलं होतं.

परीक्षा जवळ आली म्हणून रुचिका हॉस्टेलला राहायला गेली. पास झाली. नागपूरला नोकरी लागली. दर रविवारी फोन करायची, मोकळेपणानं बोलायची, पैसे पाठवू का विचारायची. घरी ये म्हटलं की म्हणायची, "येतो ना मोठीआई, सुट्टी मिळू दे." मित्राला कळायचं, ती फोनवर बोलू शकते कारण फोनमध्ये मित्रा नसते, नुसता आवाज असतो.

* * *

रुचिका सुटल्याच्या तिसऱ्याच दिवशी अधीक्षकांनी मित्राला बोलावलं होतं. दुसरी खेप, अठ्ठावीस दिवस पांढरी, आणि एका दुपारात हिरवी, हे त्यांना संगणकानं दाखवलं होतं.

"मारहाण नाही, तक्रार नाही. काय केलंत हो?" ते कौतुकानं म्हणाले. "तुमच्याकडे अजून अकरा अडकलेल्या आहेत. मध्यवर्तीवाले रोज ओरडतायत, आणखी पाठवू नका म्हणून. तुमची पद्धत जरा लिहून द्या, प्रशिक्षणात घालू."

"पद्धत नाही साहेब काही. झालं ते झालं," मित्रा म्हणाली आणि निघून आली.

पण तुरुंगात गोष्ट लपत नाही. मित्रामॅडमनं शेडमध्ये नेऊन पोरीची पट्टी हिरवी केली, ही खबर दोन्ही बराकींत पसरली होती. बायका तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागल्या. मित्रानं दुपारी शेडमध्ये बसणं बंद केलं. कुणी काही सांगायला आलं तर ती म्हणायची, "मले नको सांगू."

गोदावरी तिच्या सव्विसाव्या दिवशी स्वतःच आली. मित्रा कोठीत चादरी मोजत होती. गोदावरी समोरच्या गठ्ठ्यावर बसली. आज तिच्या तोंडात ना भूत होतं ना थट्टा.

"मॅडम, मले बी घाबरवा."

"जाय गोदावरी. कामं हायेत मले."

"चार दिवस राह्यले माहे. त्या मोठ्या जेलात गेली तर वर्ष जाईन. नातू सहा महिन्यांचा हाय, मले ओळखणारबी नाई." ती पुढे सरकली. "मी सारं करून पाह्यलं. मले या जागेचं भ्यावच वाटत नाई, काय करू? चौथी खेप हाय. इथं जेवण भेटते, बोलायले बाया भेटतात, तुमी हाय."

"मी हाय म्हणूनच तं..." मित्रानं वाक्य अर्धंच सोडलं. "तुले माहीत हाय काय झालं त्या पोरीचं? सुटली ते. माह्यापासूनबी सुटली. माह्याजवळ बसली तं थरथरते ते."

"मंग मी कुठं तुमच्याजवळ बसायले येणार हाय मॅडम? मले घरी जायचं हाय." गोदावरीनं पदरानं तोंड पुसलं. "माहं काय दुखते ते तुमाले माहीत हाय. सुभाषचं. तुमाले एकटीलेच सांगितलं होतं मी."

मित्राला माहीत होतं. गोदावरीचा थोरला मुलगा सुभाष विहिरीत पडून गेला, आणि त्या दिवशी त्याला विहिरीवर कुणी पाठवलं होतं, हे गोदावरीनं तिसऱ्या खेपेला शेडमध्ये बसून सांगितलं होतं. नवऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. अकराही जणींचं असं काही ना काही मित्राला ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं तिनं ऐकून घेतलं होतं, कधी कुणाचं बाहेर जाऊ दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल तिला मनातून थोडा अभिमानही होता. या बायकांजवळ दुसरं काही ठेवायला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी ते तिच्याजवळ ठेवलं होतं.

तिनं चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. पाठवावं का हिला त्या गाडीत? वर्षभर? आणि परत आली तर पाचव्या खेपेला हिची पट्टी कोण हिरवी करणार? डॉक्टरबाईंची पत्रं कुठल्या टेबलावर पडली असतील कुणास ठाऊक.

गोदावरी वाट पाहत बसली होती. तिनं मनगट पुढे करून मांडीवर ठेवलं, इंजेक्शन घ्यायला ठेवतात तसं.

"रडली तरी थांबू नका," ती म्हणाली. "आणि मॅडम, हे झाल्यावर मी तुमाले कदी भेटली, तं तोंड फिरवीन. मले माफ करा."

मित्रानं कोठीचं दार आतून लोटून घेतलं. ती गोदावरीच्या समोर बसली, आणि तिनं विहिरीचं नाव काढलं.